सभासद क्रमांक दोनशे बाराचा शेरा

प्रिय भाऊजींस,

वहिनीचे आशीर्वाद. (वयानं तुम्ही माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे, पण नात्यानं मी वडील, तेव्हा मुकाट्यानं घ्या. हक्कानं कोणाला काही देता येईल असं माझ्याकडे सध्या एवढंच आहे.) जाऊबाईंचा खांदा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम त्या करत नसणार हे मला इथे बसून कळतं. त्यांना म्हणावं, वरच्या फळीवरचे डबे खाली आणून ठेवले म्हणजे खांदा बरा होत नाही, नुसतं स्वयंपाकघर बदलतं. तुमची साखर, तुमची झोप आणि तुमच्या फाटकासमोर गाडी लावणारा तो शेजारी, सगळे आटोक्यात असतील असं धरून चालते. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, ह्यांना जाऊन चौदा महिने झाले, पाण्याची टाकी गळते. बरी आहे म्हणजे एवढंच.

पत्र अशासाठी की फोनवर तुम्ही मला दुसऱ्याच वाक्याला तोडता आणि म्हणता, "वहिनी, आधी स्क्रीनवर काय दिसतंय ते सांगा." आणि स्क्रीनवर मला काही दिसत नाही हीच तर माझी तक्रार आहे. कागदाला मध्येच तोडता येत नाही. शिवाय तुमच्याकडे या प्रकरणाची जी बाजू आलीय ती आमच्या वाचनालयाच्या चिटणिसांच्या पत्रातून, आणि चिटणीस दुसऱ्याची चूक पहिल्या ओळीत लिहितात, स्वतःची लिहायची वेळ आली की त्यांचा कागद संपतो. म्हणून पहिल्यापासून सांगते. मध्ये ठाऊक असलेलं काही आलं तर ओलांडून पुढे जा. पुस्तकांच्या बाबतीत तुम्हाला ती सवय आहेच.

ह्यांची पद्धत तुम्हाला आठवत असेल. एकतीस वर्षं हे या वाचनालयाचे ग्रंथपाल होते आणि प्रत्येक सभासदाच्या कार्डामागे पेन्सिलीनं एक शेरा लिहायचे, कोणाला काय द्यावं आणि काय चुकूनही देऊ नये याचा. "प्रवासवर्णनं द्यावीत, घराबाहेर पडता येत नाही." "जाड पुस्तक मागतात, उशाला घेतात." "मुलगी गेल्यापासून शेवट आधी वाचतात, गोड शेवटाचं दिसलं की बाजूला काढून ठेवणे." सहा वर्षांपूर्वी तुम्ही तो संगणक पाठवलात, शेऱ्यांसाठी वेगळा रकाना करून दिलात, आणि अकराशे चाळीस कार्डं मी दोन बोटांनी आत घातली. (त्यात तुमचंही होतं. "वेळेवर परत करतो. वाचत नाही." काना-मात्रा न बदलता चढवलंय.) एकच कार्ड मला मिळालं नाही. सभासद क्रमांक दोनशे बारा, म्हणजे मी. चौथीत शाळा सुटलेली, शिंप्याकडे काजं करणारी एक मुलगी उन्हातून आडोशाला म्हणून आत आली आणि ग्रंथपालांनी तिला हाकलण्याऐवजी सभासद करून घेतलं, तेव्हापासूनचं ते कार्ड. हे ते शर्टाच्या खिशात घालून हिंडले, एका दुपारी मला चहा टाकायला आत पाठवलं, आणि मी कप घेऊन येईपर्यंत स्वतः चढवून कार्ड फाडून टाकलं होतं. म्हणाले, "आपल्यावरचा शेरा आपण वाचायचा नसतो. मग माणूस पुस्तक वाचत नाही, शेरा सुधारायला वाचतो." मी बरं म्हटलं. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, एवढ्याशा गोष्टीवर भांडायचे दिवस मागे पडले होते.

हे गेल्यावर समितीनं शोकसभा घेतली आणि ग्रंथपालाची जागा रिकामी ठेवली. त्या रिकाम्या जागेवर रोज सकाळी नऊ ते बारा आणि चार ते आठ मी बसते. बसलेली मी दिसत असूनही जागा रिकामी आहे, हे कसं ते समितीला विचारा.

आता मूळ भांडण. तीन महिन्यांपूर्वी आमचे हेडमास्तर (निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण आवाज अजून नोकरीत आहे) पुस्तक बदलायला आले. मी आतल्या खोलीत पुस्तक काढायला गेले आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळलेला राहिला. चूक माझी, मी नाही म्हणत नाही. परत आले तर हेडमास्तर चष्मा कपाळावर चढवून स्वतःवरचा शेरा वाचत होते. "पहिली वीस पानं वाचतात, मत सबंध पुस्तकावर देतात." त्यांनी शेवटपर्यंत वाचलेला तो बहुधा पहिलाच मजकूर असावा. पुस्तक न घेताच जिना उतरले. खालच्या घड्याळवाल्यानं मला नंतर विचारलं, "वहिनी, वर काही पडलं का? माझे सगळे लंबक हलले." दुसऱ्या दिवशी अकरा पानी तक्रार आली. तीत सभासदांची गोपनीयता हा शब्द सोळा वेळा होता. (वीस पानांच्या आत होती म्हणून समितीनं ती वाचली.)

त्यावर तुम्हाला साकडं घातलं गेलं आणि तुम्ही तो तक्ता पाठवलात. तक्ता चांगला होता, मी खोटं बोलणार नाही. पाच पायऱ्या. मुख्य चालकाला सगळं दिसणार, सगळं बदलता येणार. व्यवस्थापकाला त्याच्या खालचं. नोंदकारानं पुस्तकं द्यायची-घ्यायची, सभासदांच्या नोंदी आणि शेरे बघायचे. वाचकाला पुस्तकांची यादी आणि आपलं खातं. पाहुण्याला नुसती पुस्तकांची नावं. आणि दादाची आठवण म्हणून एक नियम वरून, की कोणत्याही पायरीवरच्या माणसाला स्वतःवरचा शेरा दिसणार नाही. तळाशी तुम्ही ठळक अक्षरांत लिहिलं होतं, "ज्याचं जेवढं काम, त्याला तेवढीच परवानगी." प्रत्येक पायरीपुढे माणसांची नावं भरून पाठवा, एवढंच समितीला करायचं होतं.

भाऊजी, तुम्ही यंत्रं जन्मभर बघितलीत, पण समिती बघितलेली नाही. मी शेजारच्या खोलीत पुस्तकांच्या पाठींवर चिठ्ठ्या डकवत होते, दार उघडं होतं. चिटणिसांनी तक्ता मोठ्यानं वाचला आणि पुढचा दीड तास कामाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. चर्चा होती ती कोणाच्या खाली कोण याची. उपाध्यक्ष म्हणाले, "नोंदकार म्हणजे कारकून. मी कारकून म्हणून निवडून आलोय का?" खजिनदार म्हणाले, "व्यवस्थापक व्हायला माझी ना नाही, पण मग मुख्य कोण ते आधी कळू द्या." एक सदस्य, जे सभेला फक्त चहाच्या वेळेला जागे होतात, तेसुद्धा जागे झाले आणि म्हणाले की आपल्याला कुठलीही पायरी चालेल, फक्त हेडमास्तरांच्या वरची असावी. शेवटी अध्यक्षांनी (ते डोळ्यांचे डॉक्टर, समजूतदार माणूस, समजूत घालण्यात काय वाटेल ते देऊन टाकतात) टेबलावर हात ठेवला. "वाद नको. सगळ्यांनाच मुख्य करू." ठराव एकमतानं. अकरा मुख्य चालक. रावणालासुद्धा दहाच तोंडं होती.

मग वाचनालयाचे नोकर. नेमणूकपत्र एकाचंच आहे, शिपायाचं, म्हणून तो नोंदकार. त्याला लिहिता-वाचता येत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्याचं पत्र फाइलमध्ये आहे. मग खजिनदारांनी विचारलं, "आणि वहिनी?" मी डिंकाचा ब्रश हातात धरून थांबले. चिटणीस म्हणाले, "त्या तर घरच्याच. त्यांना कशाला पायरी?" सगळे हसले, अगदी आपुलकीनं. घरची म्हणून माझं नाव कुठेच लिहिलं गेलं नाही, आणि तुमच्या यंत्राचा नियम असा की ज्याचं नाव कुठेच नाही तो पाहुणा.

इथे माझा राग तुमच्यावर आहे, तो सांगून टाकते म्हणजे पुढचं पत्र मोकळेपणानं लिहिता येईल. त्यांनी पाठवलं आणि तुम्ही तसंच चढवलंत. बारा नावं होती. त्यातली अकरा एकाच पायरीवर. कागद हातात असताना "वहिनीचं नाव कुठेय?" असं विचारायला किती वेळ लागला असता? तुमच्या यंत्राला वहिनी ठाऊक नाही, ठीक आहे. तुम्हाला होती.

पुढच्या सोमवारी मी नेहमीप्रमाणे संगणक लावला. पहिल्या सभासदाचं खातं उघडायला गेले तर लाल अक्षरांत उत्तर आलं, "आपणांस हे पाहण्याची परवानगी नाही." (हा मजकूर तुमचाच. तुम्ही लहानपणी चिडलात की आईंनाही "आपण" म्हणायचात, हे सांगायचे.) तेव्हापासून आमचं वाचनालय असं चालतं. शिपाई स्टुलावर बसतो, कारण परवानगी त्याची. मी मागे उभी राहते, कारण अक्षरं माझी. मी म्हणते, चार दाब, मग शून्य, मग ते वाकडं बाणाचं बटण. तो एकेक बटण असं दाबतो की खाली काही चिरडलं जाईल. पहिल्या आठवड्यात तो लाजत होता. दुसऱ्या आठवड्यात लोक त्याला साहेब म्हणायला लागले. तिसऱ्या आठवड्यात मी एका बाईंना दोनाऐवजी तीन पुस्तकं देत होते तर मान न वळवता म्हणाला, "वहिनी, नियम दोनाचा आहे. माझं नाव लागतं त्याला." मला त्याचं वाईट वाटलं नाही. ज्याचं नाव लागतं त्यानं काळजी घ्यावी. वाईट याचं वाटलं की असं म्हणणारा सगळ्या संस्थेत तो एकटाच निघाला. मध्ये त्याचा घोटा मुरगळला आणि तो चार दिवस आला नाही. ते चार दिवस मी पाठकोऱ्या कागदांवर पेन्सिलीनं नोंदी केल्या आणि वाचनालय, खरं सांगू, फार सुरळीत चाललं.

अकरा मुख्य चालक मात्र काय करत होते? तुम्हाला वाटलं असेल की त्यांना संगणक लावताच येत नाही म्हणून सगळं सुरक्षित आहे. मलाही तसंच वाटलं होतं. पण मनुष्यप्राणी गरज पडली की शिकतो. स्वतःवरचा शेरा दिसत नाही, दुसऱ्याचा दिसतो, हे त्यांना दोन दिवसांत कळलं आणि तिसऱ्या दिवसापासून ते जोडीजोडीनं यायला लागले. "तुमचा मी सांगतो, माझा तुम्ही सांगा." वर्षानुवर्षं पुस्तक बदलायला न आलेली माणसं सकाळी नऊला दारात उभी. उपाध्यक्षांनी खजिनदारांचा वाचून दाखवला ("कवितांचे संग्रह नेतात, पाहुणे येणार असतील तर"), तो प्रामाणिकपणे वाचला. खजिनदारांनी उपाध्यक्षांचा वाचला आणि दयेपोटी बदलून सांगितला. ते पुढच्या जोडीनं उघड केलं. आता ते दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. चिटणिसांनी स्वतःचा शेरा न बघताच पुसून टाकला (दिसत नाही पण पुसता येतो, भाऊजी, ही तुमच्या कामातली फट आहे) आणि आता रात्रंदिवस त्यांना एकच प्रश्न छळतो की काय होतं. मला येऊन विचारलं. तो मीच चढवला होता, मला पाठ आहे. म्हटलं, आठवत नाही, मी काय, पाहुणी.

आणि एक दिवस अध्यक्ष एकटेच आले. कोणाचं तरी खातं बघत बसले होते, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. जाताना माझ्याजवळ थांबले. "वहिनी, आमच्या ग्रंथपालांनी तुमच्याविषयी फार…" एवढं म्हणून त्यांना आठवलं की नियमाप्रमाणे मला सांगायचं नाही. मानेनंच काहीतरी केलं आणि जिना उतरले. तेव्हा मला कळलं की माझ्यावरचा शेरा त्या सगळ्यांनी वाचलाय. पुढच्या सभेला चहाचे कप ठेवताना अकराही जण माझ्याकडे जरा सांभाळून बघत होते, नव्यानं ओळख झालेल्या माणसाकडे बघतात तसे. माझ्या नवऱ्यानं माझ्याबद्दल काय म्हटलं ते अकरा पुरुषांना ठाऊक आहे, आणि मी त्यांना विचारते, साखर किती?

आता या सगळ्या भांडणांचा उपाय म्हणून समितीनं नवा ठराव केलाय. शेऱ्यांचा रकानाच मुळासकट पुसून टाकायचा. कोणाला काही दिसायला नको आणि कोणाचं मन दुखायला नको. महिनाअखेरच्या सभेत तो पक्का होईल आणि पुसायचं काम तुमच्याकडे येईल, कारण एवढं मोठं पुसायला त्यांना जमत नाही. चिटणिसांचं पत्र या पत्राच्या मागोमागच पोचेल. माझी विनंती साधी आहे. तुम्ही तक्ता उघडालच, तर माझं नाव नोंदकाराच्या पायरीवर चढवा, म्हणजे शिपायाला त्याचं झाडू मारण्याचं काम करता येईल (अडीच महिने कोपरे तसेच आहेत) आणि मला माझं. शेऱ्यांबद्दल माझं काही म्हणणं नाही. समितीचा निर्णय आहे, पुसायचं तर पुसा.

घरी सगळ्यांना विचारलं म्हणून सांगा. व्यायामाचं जाऊबाईंना पत्रातलं वाचून दाखवा, तुमच्या तोंडचं त्या ऐकणार नाहीत.

तुमची वहिनी
(तुमच्या यंत्राच्या हिशेबी पाहुणी)

ता. क. १. पाकीट डकवण्याआधी पत्र पुन्हा वाचलं. त्यात एक वाक्य खोटं आहे, शेऱ्यांबद्दल माझं काही म्हणणं नाही हे. पुसू नका. ठराव आला तर पत्र मिळालं नाही म्हणा, यंत्र बिघडलं म्हणा, तुमच्या धंद्यात म्हणायला पुष्कळ असतं. त्या अकरा जणांना रकाना दिसणं बंद करा, म्हणजे त्यांच्या लेखी तो पुसलाच. हवं तर त्यांना मुख्य चालक हे नाव राहू द्या, ते नावावर खूश असतात. हातातलं तेवढं काढून घ्या. आणि शेवट आधी वाचणाऱ्या त्या बाई अजून दर बुधवारी येतात. त्यांना काय द्यायचं हे पुढच्या ग्रंथपालाला कोण सांगणार? मी काही कायमची नाही.

ता. क. २. दोनशे बारावरचा शेरा मला दिसेल असं करा. फक्त मला, माझ्या नावावर. दादाचा नियम मोडायला तुमचं मन घेणार नाही हे मला ठाऊक आहे. पण दादाचा नियम जिवंत दादाबरोबर होता, तो माझ्या आणि ह्यांच्या बोलाचालीतला होता, त्यात यंत्र नव्हतं. तुम्ही म्हणाल, वहिनी, शिपाई रोज तुमच्यासमोर सगळं उघडतो, त्याच्या नावानं बघून घ्यायचं होतं. ते त्यालाही सुचलं. एका दुपारी कोणी नव्हतं तेव्हा तो स्वतःहून म्हणाला, "वहिनी, तुमचं उघडू? मला वाचता येत नाही, मला काही कळणार नाही. मी पाठ फिरवून बसतो." मी म्हटलं, नको. "का?" म्हटलं, ते तुझ्या नावावर उघडेल. त्यानं बटणावरचा हात काढून घेतला आणि म्हणाला, "बरोबर आहे." अकरा शिकलेल्यांना दीड तासात जे कळलं नाही ते त्याला बसल्या जागी कळलं. तुम्ही रकाना बांधलात, म्हणजे तुम्हाला सगळं दिसत असणारच. वाचला असलात तर मला सांगू नका. वाचला नसलात तर तसेच राहा.

ता. क. ३. तुमचा समज होऊ नये म्हणून हेही लिहिते. हे गेल्यापासून तुमचा तक्ता येईपर्यंत अकरा महिने सगळं उघडंच होतं. कोणी अडवत नव्हतं. दोन, एक, दोन दाबलं की झालं असतं. मी दाबलं नाही, आणि तुम्ही परवानगी दिलीत तरी लगेच दाबीन असं सांगत नाही. ह्यांनी मला सांगायचं होतं ते सगळं सांगून झालंय, तेवढं एकच राहिलंय. ते वाचलं की मग काही नाही. म्हणून रोज आठ वाजता संगणक बंद करताना त्या आकड्यांकडे बघून मी म्हणायचे, आज नको. आता ते तुमचं यंत्र म्हणतं, लाल अक्षरांत. ते म्हणणं माझं होतं, भाऊजी. तेवढं मला परत करा.